यूपीआरसाठी अहवाल पाठवायचाय: कच्च्या कैद्यांचा मुद्दा शिफारशीत कसा उतरवायचा?

कंदील:

नमस्कार मंडळी. मानवी हक्क परिषदेच्या यूपीआरमध्ये, म्हणजे वैश्विक नियतकालिक आढाव्यात (बाकी देश एका देशाची मानवी हक्कांची स्थिती तपासून शिफारशी करतात), आमच्या देशाची पाळी वर्षभराने आहे. आमची संस्था लहान आहे. कच्च्या कैद्यांना मोफत वकील मिळवून देणं हे काम. संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा नाही. मागच्या फेरीत 'न्यायव्यवस्था बळकट करण्याचे प्रयत्न सुरू ठेवावेत' अशी शिफारस आली, सरकारने ती स्वीकारली, आणि तुरुंगात काहीच हललं नाही.

दर्जा नसताना अहवाल पाठवता येतो का? त्यात काय लिहिलं म्हणजे तो फायलीत पडून राहत नाही? आणि कोठडीत मारहाण झाल्याची काही प्रकरणं हाताशी आहेत, ती यातच घालावीत का? देशाचं नाव मुद्दाम देत नाही, कुठेही लागू पडेल असं सांगा.

पाठपुरावा:

अहवाल पाठवायला दर्जा लागत नाही. दर्जा लागतो तो जिनिव्हाच्या सभागृहात बसायला आणि नंतर परिषदेत बोलायला. तेव्हा ती काळजी सोडा.

मर्यादा आधी डोक्यात पक्क्या करा. एकट्या संस्थेचा अहवाल जास्तीत जास्त २,८१५ शब्द, संयुक्त अहवाल ५,६३० शब्द. तळटीपा आणि परिशिष्टं यात मोजत नाहीत, पण म्हणून खरा मुद्दा परिशिष्टात ढकलू नका, तिथवर कुणी पोहोचेलच असं नाही. परिच्छेदांना आणि पानांना क्रमांक द्या. वर्ड फाइल लागते, पीडीएफ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या ऑनलाइन प्रणालीतूनच भरायचा, आणि मुदत जिनिव्हाच्या घड्याळाने संपते. ही मुदत आढाव्याच्या सत्राच्या सुमारे सहा-सात महिने आधी असते. म्हणजे तुमच्या हातात वर्ष नाही, पाचेक महिने आहेत.

आता खरी गोष्ट. तुमच्या अहवालावर कुणी निर्णय देत नाही. उच्चायुक्त कार्यालय आलेल्या सगळ्या संस्थांचे अहवाल मिळून दहाएक पानांचा एक गोषवारा करतं. शंभर संस्थांनी लिहिलं तरी पानं तेवढीच, त्यामुळे तुमच्या वाट्याला दोन-चार वाक्यं आली तरी पुष्कळ. शिफारस करतात ते देश. आढावा घेणाऱ्या कार्यगटाची बैठक साडेतीन तासांची, म्हणजे २१० मिनिटं. त्यातली ७० आढावा होत असलेल्या देशाची, १४० बाकी सगळ्यांची. १०० देशांनी नावं दिली तर एकेकाला ८४ सेकंद, १२० देशांनी दिली तर ७०. त्यातले पंधरा-वीस सेकंद स्वागत आणि आभार यात जातात. उरलेल्या मिनिटभरात तो राजनैतिक अधिकारी दोन, फार तर चार शिफारशी वाचतो. तुमचं सगळं काम त्या मिनिटात आपलं एक वाक्य बसवण्याचं आहे.

म्हणून अहवाल पाठवल्यावर थांबू नका. सत्राच्या तीन-चार महिने आधीपासून तुमच्या राजधानीतल्या दूतावासांना भेटा. भेटीला पूर्ण अहवाल नेऊ नका. एका विषयाचं एकच पान: स्थिती चार ओळीत, मागच्या फेरीतली शिफारस कुणी केली होती आणि तिचं काय झालं ते दोन ओळीत, आणि जशाच्या तशा वाचता येतील अशा तीन शिफारशी. दूतावासाला आपल्या परराष्ट्र खात्याची मंजुरी घ्यावी लागते आणि तिला आठवडे लागतात. सत्राच्या आदल्या आठवड्यात पाठवलेली मेल कितीही चांगली असली तरी वाया जाते. आगाऊ लेखी प्रश्न विचारायचे असतील तर देशांना ते बैठकीच्या दहा कामकाजी दिवस आधी द्यावे लागतात, तेही धरून चला.

कुणाला भेटायचं? ज्या देशांनी मागच्या फेऱ्यांत याच विषयावर शिफारस केली होती त्यांना आधी. आपण केलेल्या शिफारशीचं काय झालं हे त्यांना विचारायचंच असतं. यूपीआर इन्फो या संस्थेच्या डेटाबेसमध्ये देश आणि विषय टाकला की ती नावं मिळतात. मग शेजारी देश आणि तुमच्या सरकारचे मित्र देश. फक्त नेहमीच्या चार श्रीमंत देशांकडे जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तीच शिफारस मित्र देशाने केली की सरकारला स्वीकारायला सोपी जाते. हीच संस्था सत्राआधी जिनिव्हात पूर्वसत्रंही भरवते. तिथे एकाच खोलीत बऱ्याच देशांचे प्रतिनिधी भेटतात, आणि दर्जाची अटही नाही.

तळटीप:

वर वेळापत्रक आलं, मी मजकुरावर लिहितो, कारण बहुतेक अहवाल तिथेच पडतात.

'न्यायव्यवस्था बळकट करण्याचे प्रयत्न सुरू ठेवावेत' या शिफारशीत तीन दोष आहेत. 'सुरू ठेवावेत' म्हटल्यावर प्रयत्न चालू आहेत हे मान्य झालं. कुणी करायचं ते नाही. आणि झालं की नाही हे कशावरून ठरवायचं, तेही नाही. असली शिफारस कुठलंही सरकार डोळे मिटून स्वीकारतं.

त्याऐवजी असं लिहून बघा: 'दोन वर्षांच्या आत फौजदारी प्रक्रिया कायद्यात दुरुस्ती करून, अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला पहिली चौकशी सुरू होण्यापूर्वी वकील मिळेल आणि ४८ तासांच्या आत न्यायाधीशासमोर प्रत्यक्ष उभं केलं जाईल, अशी तरतूद करावी.' यात मुदत आहे, कायदा आहे, मोजता येणारा आकडा आहे. ४८ तास हा आकडा हवेतला नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं नववं कलम 'तत्परतेने' न्यायाधीशापुढे हजर करा म्हणतं, आणि त्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने २०१४ च्या ३५ व्या सर्वसाधारण टिप्पणीत सांगितलंय की साधारणपणे ४८ तास पुरेसे आहेत, त्याहून उशीर अगदी अपवादात्मक असावा. तुमच्या देशाच्या कायद्यात २४ तास असतील तर अर्थातच २४ लिहा. देशांतर्गत कायदा जास्त चांगला असताना आंतरराष्ट्रीय किमान मागून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका. कायदेशीर मदतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१२ मध्ये तत्त्वं आणि मार्गदर्शक सूचना संमत केल्या आहेत, तुरुंगातल्या वागणुकीसाठी २०१५ चे नेल्सन मंडेला नियम आहेत. दोन्हींतला नेमका परिच्छेद किंवा नियम क्रमांकासह द्या.

पुरावा वर्तमानपत्राच्या कात्रणांवर उभा करू नका. दुसऱ्या कुणी सांगितलेलं पुन्हा सांगणारे अहवाल यूपीआरच्या मार्गदर्शक सूचनांनाच धरून नाहीत, स्वतः गोळा केलेली माहिती हवी असते. तुमच्याकडे वकीलपत्रांच्या फायली आहेत, ती सोन्याची खाण आहे. प्रत्येक फायलीतून चारच गोष्टी काढा: अटकेची तारीख आणि वेळ, न्यायाधीशासमोर पहिल्यांदा हजर केल्याची तारीख आणि वेळ, वकील पहिल्यांदा भेटल्याची तारीख, आणि जामीन मिळूनही रकमेअभावी आत राहिल्याचे दिवस. मग वाक्य असं होतं (आकडे नमुन्याचे): 'तीन तुरुंगांतल्या ६० प्रकरणांपैकी ४१ मध्ये वकील पहिल्या सुनावणीनंतर भेटला.' नमुना छोटा असला तरी चालतो, लपवलेला चालत नाही. किती फायली, कुठल्या काळातल्या, कशा निवडल्या हे एका वाक्यात सांगून टाका. साठ फायलींवरून 'देशभर' म्हणालात की सरकारी प्रतिनिधी तेवढंच धरून बसतो.

शाश्वत विकास उद्दिष्टांचा १६.३.२ हा निर्देशांक पाहा: एकूण कैद्यांमध्ये शिक्षा न झालेल्यांचं प्रमाण. तो सरकारनेच कळवायचा असतो. स्वतःच्या आकड्यांशेजारी सरकारचा आकडा ठेवला की वाद कमी होतो.

आणि भाषा. शिव्याशाप, विशेषणं, पक्षीय आरोप नकोत. तसले अहवाल विचारात घेतले जात नाहीत.

उंबरठा:

मारहाणीच्या प्रकरणांबद्दल: ती यूपीआरमध्ये प्रकरणं म्हणून घालू नका. यूपीआर धोरणावर बोलतं, एका माणसाला दिलासा देत नाही. अहवालात त्यांचा उपयोग एवढाच, की प्रकार कसा आणि कितीदा घडतो ते दाखवायचं. अहवाल कार्यालयाच्या संकेतस्थळावर जसाच्या तसा प्रसिद्ध होतो, संस्थेच्या नावासकट. त्यामुळे कैद्याचं नाव, गाव, गुन्हा क्रमांक, खटल्याची तारीख असं काही जाऊ देऊ नका. नाव काढलं तरी तुरुंग, तारीख आणि जखम एकत्र आली की माणूस ओळखू येतो. त्यातली एक गोष्ट तरी गाळा. त्या माणसाची संमती लेखी घ्या आणि कशासाठी घेतोय ते त्याच्या भाषेत सांगा. आत असलेल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे घरच्यांशीही बोलून तपासा.

निनावी अहवाल स्वीकारत नाहीत. संस्थेलाच धोका असेल तर माहिती दुसऱ्या, सुरक्षित जागी असलेल्या संस्थेच्या अहवालातून जाऊ द्या. अहवाल दिला म्हणून त्रास झाला तर तो सूडाचा प्रकार धरतात, संयुक्त राष्ट्रांचे महासचिव त्यावर दरवर्षी परिषदेला अहवाल देतात. तारखा आणि धमकीचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा.

प्रकरणांसाठी वेगळे रस्ते आहेत. विशेष प्रतिवेदकांकडे (परिषदेने एकेका विषयासाठी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) देशाने कुठला करार मान्य केलाय याची अट नाही, देशातली न्यायालयं संपवून यायचीही अट नाही. छळाच्या विशेष प्रतिवेदकाला लिहिलं की ते सरकारला पत्र पाठवू शकतात, धोका ताबडतोबीचा असेल तर तातडीचं आवाहन. सरकारचं उत्तर ६० दिवसांत मागतात, मग पत्र आणि उत्तर दोन्ही साधारणपणे जाहीर होतात. हे कैद्याला आधी समजावून सांगा. बेकायदा डांबून ठेवलं असेल तर मनमानी स्थानबद्धतेवरचा कार्यगट आहे, १९९१ पासूनचा. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नावलीत लिहा. तो कार्यगट त्या प्रकरणावर लेखी मत देतो.

करार समितीकडे, म्हणजे एखाद्या मानवी हक्क करारावर देखरेख करणाऱ्या समितीकडे, तक्रार हा तिसरा रस्ता, आणि तो अरुंद आहे. देशाने त्या समितीचा तक्रार अधिकार मान्य केलेला हवा. नागरी-राजकीय हक्कांच्या बाबतीत पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल (त्या कराराचा जोडकरार) मान्य केलेला हवा. देशातले उपाय संपलेले हवेत, आणि ते संपल्यावर पाच वर्षांहून उशीर केला तर तो गैरवापर ठरू शकतो. निकाल यायला वर्षं लागतात. माणूस आज आत असेल तर एवढ्यावर विसंबू नका.

राष्ट्रीय मानवी हक्क संस्था विसरू नका हे वरच्या दोघांनाही सांगतो. पॅरिस तत्त्वांनुसार (अशा संस्था किती स्वतंत्र आहेत ते तपासण्याचे निकष) 'अ' दर्जा असेल तर संस्थांच्या गोषवाऱ्यात तिला स्वतंत्र भाग मिळतो, आणि परिषदेत ती आपल्या सरकारच्या लगेच नंतर बोलते. तुमचे आकडे तिच्या तोंडी गेले तर वजन वेगळं.

कंदील:

खूप उपयोगी, धन्यवाद. एकच राहिलं. शिफारस हवी तशी आली आणि सरकारने स्वीकारली, तर पुढे काय धरायचं? मागच्या वेळी नेमकं तिथेच सगळं थांबलं.

पाठपुरावा:

आधी हे बघा की ती खरंच स्वीकारली का. यूपीआरमध्ये 'फेटाळली' असं उत्तरच नसतं. 'पाठिंबा दिला' किंवा 'नोंद घेतली', दोनच. कार्यगटात सरकार उत्तर राखून ठेवू शकतं, पण परिषदेच्या पुढच्या सत्रात अंतिम अहवाल संमत होण्याआधी द्यावंच लागतं. मधले हे तीन-चार महिने फार मोलाचे आणि बहुतेक संस्था ते फुकट घालवतात. त्या काळात न्याय, गृह आणि अर्थ खात्यांना भेटा. न्याय खात्याचा होकार असतो, वकिलांच्या मानधनाला पैसे कुठून आणायचे म्हणून अर्थ खातं अडवतं, असं पुष्कळदा होतं. तेव्हा खर्चाचा अंदाज तुम्हीच मांडून न्या: वर्षाला किती अटका, दर प्रकरणी किती तास, तासाचा दर किती.

परिषदेत अंतिम अहवाल संमत होताना संस्थांसाठी वीस मिनिटं असतात, दोन-दोन मिनिटांचे दहा वक्ते. तुम्हाला दर्जा नाही, तेव्हा दर्जा असलेल्या संस्थेशी आधीच बोलून ठेवा.

त्यानंतर उच्चायुक्त तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहितात, कुठल्या बाबींवर लक्ष द्यावं याची यादी जोडून. ते पत्र संकेतस्थळावर असतं. ते छापून घ्या. संयुक्त राष्ट्रांचं देशातलं पथक पुढच्या काही वर्षांचा सहकार्य आराखडा सरकारबरोबर बनवतं, त्या बैठकांत हे पत्र आणि स्वीकारलेली शिफारस घेऊन जा. प्रशिक्षण, न्यायालयीन नोंदींचं संगणकीकरण, कायदेशीर मदत केंद्रं यांना मिळणारं परदेशी सहाय्य बरंचसं अशा आराखड्यांतून ठरतं. शिफारस करणाऱ्या देशालाही विचारा: तुम्ही शिफारस केलीत, अंमलासाठी काही मदत द्याल का? संयुक्त राष्ट्रांचा एक ऐच्छिक निधीही अंमलबजावणीसाठी आहे, पण तो देशांना मिळतो, संस्थांना नाही.

तळटीप:

वरच्याला जोड. शिफारशी दोनशे-तीनशे येतात, त्यातल्या तुमच्या विषयाच्या दहा-पंधरा एकत्र करा आणि एकच तक्ता ठेवा: शिफारशीचा क्रमांक, कुठल्या देशाची, कुठलं खातं, आजचा आकडा, अपेक्षित आकडा, पुढची तारीख. 'आजचा आकडा' हा रकाना रिकामा राहिला की दोन वर्षांनी सुधारणा झाली की नाही सांगताच येत नाही. फायलींतल्या त्या चार गोष्टींची मोजणी दर सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने करा, पद्धत मध्येच बदलू नका.

दोन-अडीच वर्षांनी मध्यावधी अहवाल देता येतो. सरकारवर तो बंधनकारक नाही, पण सरकारने दिला नाही तरी तुम्ही देऊ शकता. तो तक्ताच तुमचा मध्यावधी अहवाल. शिफारस करणाऱ्या दूतावासाला एक प्रत पाठवायची, आणि त्याच देशाकडून पुढच्या फेरीतलं वाक्य त्या आकड्यांवरून मागायचं.