मदत हवी आहे : दोन चाकांवरची मस्टँग

नमस्कार मंडळी. 'डायमंड्स आर फॉरएव्हर' (१९७१) मधली बाँडची लाल फोर्ड मस्टँग मॅक १ आठवते ना? लास व्हेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवरचा पाठलाग, आणि मग त्या चिंचोळ्या बोळात दोन चाकांवर तिरकी घुसलेली गाडी! ती आत शिरते उजव्या चाकांवर आणि बाहेर पडते डाव्या चाकांवर. लहानपणापासून माझा जीव या गाडीवर आहे.

तिचं १/२४ मापाचं मॉडेल बनवतोय, बोळात शिरतानाचं. म्हणजे गाडी उजव्या चाकांवर, डावी दोन्ही हवेत. अडचण अशी की टायर पोकळ रबराचे आहेत, गोंद धरत नाही. काल रात्री तिसऱ्यांदा आडवी झाली, डावा आरसा तुटला. टायरमधून तार ओवून खाली लाकडात रोवावी का?

दुसरं, गाडी तिरकी असल्यामुळे खालचा भाग पूर्ण दिसतो. मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) आहे, पुढची चाकं स्वतंत्र, म्हणजे प्रत्येक आपापलं वरखाली होणारं. मग उचललेलं पुढचं चाक किती खाली लोंबायला हवं? जुन्या गाड्यांवर हात चालवलेल्या कुणीतरी सांगा, प्लीज. अंदाजाने चिकटवायचं नाहीये मला.