घोडा, घोडी, घोडं : खच्ची नेमका कोण?

प्रश्न (आर्वी): वावरात जायला आणि पोराला बसणं शिकवायला जनावर पाहतो आहे. विकणारा म्हणतो, "घोडं शांत आहे." घोडं म्हणजे खच्ची केलेला (अंड काढलेला) समजायचा का? आणि खच्ची न केलेल्याला वळू म्हणायचं की आंडील?

उत्तर (कारंजा लाड): घोडं नपुंसकलिंगी आहे ते फक्त व्याकरणात. आपल्याकडे घोडा असो की घोडी, सरसकट घोडंच म्हणतात. खच्ची न केलेला तो आंडील. त्यातला पैदाशीसाठी राखलेला तो वळू. म्हणजे वळू आंडील असतोच, पण प्रत्येक आंडील वळू नसतो. हिंदीभाषक व्यापारी खच्चीला 'आख्ता' म्हणेल, तेही ध्यानात ठेवा.

'खच्चीकरण' आता भाषणांत मनोधैर्याबद्दलच ऐकू येतं, म्हणून खच्ची घोडा म्हटलं की माणसांना कमीपणा वाटतो. मला हे मनापासून खटकतं. शिकणाऱ्या पोरासाठी बहुधा खच्चीच बरा, कारण त्याचा स्वभाव महिनाभर एकसारखा राहतो. घोडी साधारण 21 दिवसांनी माजावर येते, त्यातले पाच-सात दिवस काही घोड्या चिडचिड करतात, वारंवार मुततात. बाकी घोडी उत्तम. पुढे शिंगरूही मिळतं, मात्र गाभणपण जवळपास 11 महिन्यांचं. आंडील शेजारच्या घोडीचा वास लागला की लगाम जुमानत नाही. तो मुरलेल्या स्वारासाठी.

उत्तर (दिग्रस): भाऊ, बैलाले 'बडवला' म्हणतात, घोड्याले तो शब्द लावू नका. बैलाले चिमटा लावते, घोड्याचं अंड डॉक्टर भूल देऊन कापून काढते. त्यानंतरही निदान महिनाभर घोडीजवळ बांधू नये, गाभण राहू शकते.

प्रश्न (आर्वी): मग 'खच्ची आहे' एवढं ऐकून घेऊ?

उत्तर (कारंजा लाड): नाही. कधी केला ते विचारा. चार-पाच वर्षांचा झाल्यावर केलेल्याच्या अंगात घोडीमागे धावण्याची सवय मुरलेली असू शकते. कधी एक अंड पोटातच राहिलेलं असतं. वरून खच्ची दिसतो, वागतो मात्र आंडीलासारखा. असा संशय आला तर पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या, त्यात कळतं. सौदा त्यानंतरच करा.