इंग्रजी मेलमधली क्रियापदं: पुस्तक सुचवा, ॲप की क्लास?

ओसरी
नव्या नोकरीत दिवसाला १५-२० इंग्रजी मेल लिहावे लागतात. माझी शाळा मराठी माध्यमाची. शब्द सुचतात, पण क्रियापदापाशी गाडी अडते. परवा ‘डिड यू सेंट द फाइल?’ असं लिहिलं. साहेबांनी ‘सेंट’ खोडून लाल अक्षरांत ‘सेंड’ केलं आणि मेल परत धाडला. चुकलं हे कळलं, का चुकलं ते नाही. ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ हेही चूक म्हणे! काय वापरू? क्लास असेल तर संध्याकाळी ७ नंतरचाच जमेल.

गवती_चहा
क्लासला पैसे घालू नका, निदान इतक्यात तरी. या दोन्ही चुका मराठीतून आल्यात. आपण ‘पाठवलीस का?’ विचारतो, भूतकाळ क्रियापदातच असतो. इंग्रजी प्रश्नात तो ‘डिड’ घेऊन जातो, मग मुख्य क्रियापद मूळ रूपात: सेंड, गो, सी. नकारातही तसंच, ‘डिडन्ट गो’.

दुसरी जास्त फसवी. ‘मी काल पाठवलीय’ हे मराठीत अगदी बिनचूक, म्हणून कानाला खटकत नाही. इंग्रजीत ‘हॅव सेंट’चा धागा आत्ताशी जोडलेला असतो. त्यात काल, परवा, २०१९ साली अशी संपलेली वेळ घातली की बिघडलं. एकतर ‘आय सेंट इट यस्टरडे’, नाहीतर नुसतं ‘आय हॅव सेंट इट’.

भिडू_३२
+१. आणि ‘पासून’! ‘सोमवारपासून’ला ‘सिन्स मंडे’, पण ‘दोन वर्षांपासून’ला ‘फॉर टू इयर्स’. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. मी ‘सिन्स टू इयर्स’ म्हणत एक अख्खा इंटरव्ह्यू दिलाय.

खडूफळा
पुस्तकापेक्षा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन कोश उघडा, फुकट आहे. साधा इंग्रजी-मराठी कोश फक्त अर्थ देतो. इथे क्रियापदाची सगळी रूपं आणि पुढे काय जोडायचं तेही दिसतं. ‘डिस्कस’ बघा, ‘अबाउट’ लावू नका असं बजावलंय. सोबत एक वही ठेवा: डावीकडे आपलं चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेलं. दुसऱ्यांच्या चुका उतरवू नका, त्या लक्षात राहत नाहीत.

टोमणेबहाद्दर
आणि ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) बंद करा. असा शब्दच नाही.

खडूफळा
आहे हो. ऑक्सफर्डच्याच कोशात आहे, भारतीय इंग्रजी अशा शेऱ्यासह. पुण्याच्या मेलमध्ये बिनधास्त चालेल. लंडनला लिहिताना मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा.

ओसरी
कोश उघडला. ‘डिस्कस अबाउट’ मी गेल्या आठवड्यात चारदा लिहिलंय. म्हणजे इंग्रजीत इथे ‘हॅव रिटन’ नाही, ‘रोट’. बरोबर ना?

गवती_चहा
बरोबर. वहीत घाला.