शब्दचर्चा : ‘सत्तेचा अंमल चढला’ हे बरोबर की चूक?

प्रश्न

इंदूरच्या आमच्या वाचक मंडळात या महिन्यात जॉर्ज ऑर्वेलचं ‘अ‍ॅनिमल फार्म’ घेतलं आहे. जनावरं मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतात आणि पुढे डुकरं राज्य करू लागतात, अशी ती गोष्ट. बोलण्यासाठी मी टिपण काढलं, त्यात एक वाक्य लिहिलं : ‘डुकरांना हळूहळू सत्तेचा अंमल चढला.’ पुण्याच्या मावशीला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, अंमल गाजवतात, चढते ती नशा. तू दोन वाक्प्रचारांची खिचडी केलीस. माझं शिक्षण हिंदीतून झालं, मराठी घरातली. आजी मात्र ‘होळकरांचा अंमल’ही म्हणते आणि ‘गुंगीच्या औषधाचा अंमल अजून उतरला नाही’ असंही म्हणते. हा शब्द एक आहे की दोन? वाक्य काढून टाकू का?

उत्तर

ताई, वाक्य अजिबात काढू नका.

शब्द एकच आहे. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे काम, कृती. फारसीच्या वाटेने तो दफ्तरात शिरला तेव्हा काम म्हणजे सरकारी काम झालं : हुकूम बजावणं, सारा वसूल करणं. ते करणारा आमिल किंवा अंमलदार. आणि एखाद्या पदार्थाने शरीरात शिरून जे काम केलं, तोही त्याचा अमलच. म्हणून अफूचा अंमल, दारूचा अंमल, अंमली पदार्थ. मराठीने ‘अ’वर अनुस्वार दिला आणि अर्थ दोन्ही ठेवले. संस्कृतातला ‘अमल’ मात्र निराळा. तो म्हणजे मळ नसलेला, निर्मळ. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मावशींचं म्हणणं क्रियापदांपुरतं खरं आहे. गाजवणे, बसवणे, चालवणे ही राज्य करणाऱ्याची क्रियापदं; चढणे, उतरणे ही नशेची. पण ‘अंमलाखाली’ हे रूप घ्या. ‘होळकरांच्या अंमलाखाली असलेली गावं’ आणि ‘दारूच्या अंमलाखाली गाडी चालवली’. प्रत्यय तोच, अव्यय तेच. दोन्हीकडे जो खाली आहे तो स्वतःच्या ताब्यात नाही. पहिल्या वाक्यात ती प्रजा आहे, दुसऱ्यात पिणारा. ‘सत्तेच्या अंमलाखाली’ म्हटलं की दोघेही एकदम आत येतात : ज्यांच्यावर सत्ता चालते ते, आणि जो ती चालवता चालवता झिंगला आहे तो. ‘सत्तेची नशा’ म्हणाल तर फक्त वरचा माणूस दिसेल, खालचे गळून पडतील. राजकीय रूपककथेवर लिहिताना ते गळून चालत नाही, कारण अशी कथा त्यांच्यासाठीच लिहिलेली असते.

आपल्या माळव्यात तर हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदले आहेत. एकोणिसाव्या शतकात होळकर आणि शिंदे यांच्या मुलखात पिकलेली अफू इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवरून मुंबईला आणि तिथून चीनला जायची. इंग्रज वाटेत परवान्याचा कर घ्यायचे. मंदसौर-नीमचकडे आजही सरकारी पट्ट्यावर अफूची शेती होते. राजस्थानात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात ‘अमल’ म्हणजे सरळ अफू. एका अंमलाच्या उत्पन्नावर दुसरा अंमल चालायचा, असं म्हटलं तर त्यात कुठलाही अलंकार नाही.

आता तुमच्या पुस्तकाकडे येते. ऑर्वेलचा जन्म 1903 सालचा, मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. तो स्वतः 1922 ते 1927 ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. सरकारी अंमल म्हणजे काय, ते त्याने बाहेरून ऐकलेलं नव्हतं. ‘अ‍ॅनिमल फार्म’ आलं ऑगस्ट 1945 मध्ये. रोख रशियन क्रांतीकडे आणि स्टॅलिनकडे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मंडळात बोलताना दारूचा प्रसंग जरूर वाचून दाखवा, तुमचं वाक्य तिथे जसंच्या तसं बसतं.

कोठाराच्या भिंतीवर सात आज्ञा रंगवलेल्या आहेत, त्यातली एक : कोणत्याही प्राण्याने दारू पिऊ नये. पुढे डुकरांना घराच्या तळघरात व्हिस्की सापडते. रात्री गाणीबजावणी होते, डुकरांचा पुढारी नेपोलियन जुनी टोपी घालून अंगणात धावताना दिसतो. सकाळी बातमी येते की नेपोलियन मरणाच्या दारात आहे. तिथून त्याचा शेवटचा फतवा निघतो : जो दारू पिईल त्याला मृत्युदंड. संध्याकाळपर्यंत त्याला बरं वाटतं. दोन दिवसांत कळतं की त्याने दारू गाळण्याची पुस्तकं मागवली आहेत. आणि म्हाताऱ्या, कामातून निवृत्त झालेल्या जनावरांसाठी राखलेलं कुरण नांगरून तिथे जव पेरायचं ठरतं. एका रात्री शिडी मोडल्याचा आवाज होतो. खाली नेपोलियनची बाजू मांडणारं डुक्कर स्क्वीलर पडलेलं, जवळ कंदील, कुंचला, सांडलेला पांढरा रंग. काही दिवसांनी वाचावं तर मूळ इंग्रजी आज्ञेत दोन शब्द वाढलेले असतात, दारू ‘प्रमाणाबाहेर’ पिऊ नये.

दारूचा अंमल चढला, तो उतरायच्या आत हुकुमाचा अंमल सुरू झाला आणि कुरण गेलं म्हाताऱ्यांचं. मराठीत लाचखोरीच्या जागेला आपण ‘चराऊ कुरण’ म्हणतो. इथे तर खरंखुरं कुरणच खाल्लं गेलं.

आणखी एक उत्तर

वरचं विवेचन पटलं. फक्त ‘माज’ हा शब्द विसरू नये असं मला मनापासून वाटतं. जनावरांची कथा आहे आणि माज हा मुळात जनावरांचाच शब्द. म्हैस माजावर येते, हत्तीला मद येतो. माणसाकडे आल्यावर ‘मद’ पुस्तकी झाला, ‘माज’ बोलण्यात राहिला. ‘सत्तेचा माज’ हे गावातला कुणीही म्हणेल.

पुन्हा पहिल्या उत्तरदात्या

काका, माज हवाच, पण त्याची जागा निराळी आहे. माज दुसऱ्याला दिसतो. चालण्यात, बोलण्यात, गाडीच्या हॉर्नमध्ये. माज आलेल्या माणसाला तो उतरवणारा कुणी भेटू शकतो, म्हणून ‘माज उतरवणे’ हा वाक्प्रचार आहे. अंमल मात्र दिसेलच असं नाही. तो कागदावरून चालतो, सहीने चालतो, आणि ज्याच्यावर चालतो त्यालाही सवय होऊन जाते. स्क्वीलरमध्ये माज कमी आणि अंमल फार. म्हणून माझं मत अंमलालाच.

शिवाय कागदी अंमलाची थट्टा मराठीला नवी नाही. एकनाथांची (1533–1599) भारुडं पाहा. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्याचे अधिकारी, त्यामुळे दफ्तराची भाषा नाथांच्या कानावरची. त्यांनी चक्क ‘अर्जदस्त’ लिहिला, म्हणजे सरकारात धाडायचा अर्ज. शरीर हा परगणा. त्यात जिवाजी शेकदार, बुधाजी कारकून. वसुलीत आडवे येणारे जमीनदार कोण, तर दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी. अर्थ अध्यात्माचा आहे, पण एकेका विकाराला एकेक हुद्दा वाटून दिला आहे. त्या काळच्या ऐकणाऱ्याला कुठला देशमुख कसा वागतो हे माहीत असल्याशिवाय हे रूपक लागूच पडलं नसतं. मंडळात ऑर्वेलच्या जोडीला हेही वाचा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वासनेचे विकार सांगायला नाथांना महसूल खातं जवळचं वाटलं, यातच तेव्हाच्या कारभाराविषयी पुष्कळ कळतं.

प्रश्नकर्ती

खूप आभार. एक राहिलं. हिंदीत ‘सलाह पर अमल करना’ म्हणतात, तसं आमच्या घरी ‘डॉक्टरांच्या सांगण्यावर अमल कर’ असं सर्रास बोलतात. हे मराठी म्हणायचं का? आणि लिहायचं कसं, अमल की अंमल?

उत्तर

ते इंदुरी मराठी आहे. घरात बोला, त्यात काही बिघडत नाही. अरबीतला मूळ ‘कृती’ हा अर्थ तर त्यातच सगळ्यात शाबूत राहिला आहे. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी लिहिताना ‘अंमलात आण’ किंवा साधं ‘डॉक्टर सांगतात तसं कर’ लिहा. अनुस्वारासह आणि अनुस्वाराशिवाय दोन्ही रूपं छापली जातात. टिपणात एकच धरा, मी ‘अंमल’ धरेन. ‘अंमळ’ म्हणजे ‘थोडंसं’ हा वेगळा शब्द आहे, ‘ल’ आणि ‘ळ’ सांभाळा. ‘अंमलदार’ वापरणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या की इंदूरमध्ये तो जुन्या संस्थानी काळातला वाटेल, पण महाराष्ट्रात ‘पोलीस अंमलदार’ आजही रोजच्या बातमीत असतो आणि तिथे तो साहेब नसतो, शिपाई-हवालदार असतो. नेपोलियनला अंमलदार म्हणू नका. स्क्वीलरला म्हणा.