मदत हवी आहे: ८ मिमीचं शीअरिंग मशीन ६ मिमी प्लेटवर अडतंय (अर्जंट)

हॉपरवाला
हायड्रॉलिक शीअरिंग मशीन आहे, क्षमता ८ मिमी. प्लेट ६ मिमी, म्हणजे क्षमतेच्या आतच. तरी ब्लेड जेमतेम वीतभर कापतं आणि थांबतं. पंपाचा आवाज जड होतो, मग बीम (वरचं ब्लेड धरणारा भाग) वर घ्यावा लागतो. गॅप (वरच्या आणि खालच्या ब्लेडमधली फट) चार्टप्रमाणे लावलाय, ब्लेडचे बोल्ट घट्ट आहेत. साधा पत्रा याच मशीनवर अजूनही व्यवस्थित कापला जातो. माल द्यायची तारीख डोक्यावर आहे. नेमकं काय फिरवायचं तेवढं सांगा.

धारकरी
धार गेली आहे, दुसरं काही नाही. ब्लेड काढा आणि फिरवून लावा. बहुतेक ब्लेडना चार धारा असतात, लोक एकच धार वापरत बसतात आणि मशीनला दोष देतात. धार लावायला द्याल तेव्हा ग्राइंडिंगवाल्याला आधीच सांगा, पाणी भरपूर सोड, थोडं थोडं काढ. घाईत तापून निळी पडलेली धार पहिल्याच पाळीत बसते.

फीलर_गेज
धारकरी म्हणतात ती शक्यता आहे, पण आधी माहिती पुरी होऊ दे.
गॅप किती मिलिमीटर? चार्ट कुठल्या मटेरियलचा?
मशीन स्विंग बीम (बीम कमानीत फिरतो) की गिलोटिन (सरळ खाली येतो)? रेक अँगल, म्हणजे वरच्या ब्लेडचा तिरकेपणा, बदलता येतो का, सध्या किती आहे?
कटलेल्या तेवढ्या भागाची कड कशी दिसते?
आणि मुख्य म्हणजे "साधा पत्रा कापला जातो" असं लिहिलंय. मग ही प्लेट कसली?

प्रेशर_बार
एवढ्या चौकशा कशाला? बीम अडतोय म्हणजे रिलीफ व्हॉल्व (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) आधीच उघडतोय. लॉकनट सैल करा, स्क्रू थोडा आत घ्या, गेजवर प्रेशर बघा. आमच्याकडे असंच अडायचं, व्हॉल्व आवळल्यापासून बंद झालं.

फीलर_गेज
प्रेशर_बार, कृपया हा सल्ला असा मोकळा देऊ नका. रिलीफ व्हॉल्व फ्रेम आणि सिलिंडर वाचवायला असतो. कंपनीने ठरवलेल्या प्रेशरच्या वर नेलं तर प्लेट कदाचित कटेल, पण बीम वाकेल किंवा ब्लेडचा तुकडा उडेल, आणि समोर ऑपरेटर उभा असतो. व्हॉल्व ठरलेल्या आकड्याच्या खाली उघडत असेल तर दुरुस्ती करा. त्याच्या वर नेऊ नका.

प्रेशर_बार
मी कुठे म्हटलं ठरलेल्याच्या वर न्या? व्हॉल्वची स्प्रिंग बसते, सेटिंग आपोआप खाली येतं, हे रोज बघतो. गेज लावून तपासायला काय हरकत आहे?

फीलर_गेज
तपासायला काहीच हरकत नाही. तपासाच.

तेलपाणी
तेलाचा ग्रेड कोणता भरलाय? पंप जड आवाज करतो म्हणजे सक्शन स्ट्रेनर चोंदलेला असू शकतो. बराच वेळ चालून तेल तापलं की पातळ होतं, पंपाची आतली गळती वाढते आणि प्रेशर बनत नाही. स्ट्रेनर काढून बघा. टाकीच्या तळाचा गाळही साफ करा, कोणीच करत नाही. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

हॉपरवाला
तेल आणि फिल्टर दोन्ही नवे आहेत. मशीन गिलोटिन. गॅप ०.४, मशीनवर चिकटवलेल्या चार्टमध्ये ६ मिमीसमोर तोच आकडा आहे. रेकची सेटिंग आहे, सध्या दीड अंशावर. कमी रेकवर पट्टी सरळ येते म्हणून तिथेच ठेवतो. प्रेशर गेज चार्टच्या आकड्यापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो.
प्लेट वेअर प्लेट (घासून झिजू नये म्हणून कठीण केलेली) आहे, ४०० ब्रिनेल कठीणतेची, हॉपरच्या लायनरसाठी, म्हणजे आतल्या अस्तरासाठी. पण जाडी ६च आहे, कॅलिपरने मोजली आहे.

फीलर_गेज
इथेच उत्तर आहे. मशीनवरची "८ मिमी" ही क्षमता माइल्ड स्टीलची आहे. जाडी एकटी बघून चालत नाही.

ढोबळ हिशोब मांडते. तिरक्या ब्लेडने एका वेळी जो त्रिकोण कापला जातो त्याचं क्षेत्रफळ म्हणजे जाडीचा वर्ग भागिले रेकच्या टॅनची दुप्पट. त्याला मटेरियलच्या शीअर स्ट्रेंग्थने गुणलं की जोर येतो. माइल्ड स्टीलला ३३० मेगापास्कल धरू. ८ मिमी, दीड अंश: साधारण ४१ टन. तुमचं मशीन तेवढ्यासाठी बांधलंय. ४०० ब्रिनेलच्या प्लेटची टेन्साइल स्ट्रेंग्थ १२५० मेगापास्कलच्या आसपास असते, शीअरला ८०० धरा. ६ मिमी, तोच दीड अंश: ५६ टन. मशीन अडणारच, आणि व्हॉल्व आपलं काम बरोबर करतोय.

वीतभर कापून थांबतं ही खूणही जुळते. दीड अंशाला ६ मिमी जाडीचा पूर्ण त्रिकोण भरायला सुमारे २३० मिमी लांबी लागते. तोवर भार चढत जातो. तो पूर्ण चढायच्या सुमारालाच तुमचं ब्लेड थांबतंय.

रेक ३ अंशावर न्या. जोर जवळजवळ निम्मा होतो, २८ टन. प्रत्यक्षात ब्लेड पूर्ण जाडी उतरायच्या आधीच प्लेट तुटते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच समजा, पण तुलना खरी आहे. तुमच्या मशीनच्या पुस्तकात ३ अंशाला किती जाडी चालते ते वाचा आणि मगच कापा.

गॅपही वाढवा. ०.४ म्हणजे जाडीच्या ७ टक्क्यांहून कमी. माइल्ड स्टीलला ठीक, इथे कमी पडतो. कठीण प्लेटला १० टक्क्यांच्या वर लागतो. ०.७ पासून सुरुवात करा. प्लेट बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता मिळाला तर त्यातला आकडा धरा, माझा सोडा.

धारकरी
गॅप वाढवला की बर (कडेला उरणारी धारदार कोर) येईल. आयुष्यभर गॅप कमी ठेवून काम केलंय, कड आरशासारखी येते.

फीलर_गेज
पातळ, मऊ पत्र्यात येते. कठीण प्लेटमध्ये गॅप कमी असला की वरून आणि खालून निघालेल्या तडा एकमेकींना भेटत नाहीत. मधला भाग पुन्हा कापला जातो, कडेवर दोन चकचकीत पट्टे दिसतात आणि जोरही जास्त लागतो. हॉपरवाला, कापलेला तुकडा उजेडात तिरका धरून बघा. वर एक चकचकीत पट्टा, खाली खरखरीत तुटलेला भाग, असं हवं. खाली दुसरा चकचकीत पट्टा असेल तर गॅप कमी आहे. कड खाली ओढल्यासारखी गोल झाली आणि बर मोठी आली तर जास्त झालाय.

गॅसकटर
प्लेट गरम करून कापा, मऊ पडते. आम्ही जाड माल असाच काढतो.

लायनर_फिटर
नको! वेअर प्लेटची कठीणता क्वेंचिंगने (तापवून एकदम थंड करून) आलेली असते. ४०० ब्रिनेलच्या प्लेटला २५० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की ती उतरायला लागते. मग घासून जाणारा लायनर बसवण्याचा अर्थच काय राहिला? याच कारणाने गॅस कटिंगमध्येही कडेचा पट्टा मऊ होतो. प्लाझ्मात तो अरुंद असतो, लेझरमध्ये आणखी अरुंद, अब्रेसिव्ह वॉटरजेटमध्ये जवळजवळ नसतोच.

गॅसकटर
जाड प्लेटला गॅसने कापायच्या आधी प्रीहीट करायला कंपनीच सांगते, मग तेव्हा कठीणता जात नाही का?

लायनर_फिटर
ते प्रीहीट नंतर तडे जाऊ नयेत म्हणून, आणि ठरवलेल्या तापमानाच्या आतच. प्लेट मऊ करायला नव्हे. ६ मिमीला तर त्याची गरजही पडत नाही.

टाइल_बसव
विषय निघालाच आहे तर, माझ्या हँड कटरवर व्हिट्रिफाइड टाइल शेवटच्या दोन बोटांवर तिरकी तुटते. चाक बदलू का?

फीलर_गेज
टाइल_बसव, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. तिथे रेघ एकदाच, सलग ओढता का आणि कडेपर्यंत नेता का, तेवढं लिहा.

हॉपरवाला
तुकडा बघितला, दोन चकचकीत पट्टे आहेत. ब्लेडच्या धारेवर वीतभर अंतरात बारीक खाचाही दिसल्या, नखाला लागतात. तीच धार वापरू की फिरवू? रेक वाढवला तर पट्ट्या पिळतील ना? पट्ट्या ६० मिमी रुंदीच्या काढायच्या आहेत.

धारकरी
खाचा असतील तर फिरवाच. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय.

फीलर_गेज
फिरवा, धारकरींचं इथे बरोबर आहे. पण रेक आणि गॅप बदलल्याशिवाय नवी धार लावू नका, तीही तशीच उडेल. ब्लेड कोणत्या स्टीलचं आहे तेही विचारा. डी२ ग्रेडचं स्टील झिजेला उत्तम, पण धक्क्याला ठिसूळ. कठीण प्लेट वरचेवर कापणार असाल तर शॉक सहन करणाऱ्या ग्रेडचं ब्लेड मागवा.

फिरवल्यावर फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) दोन्ही टोकांना आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी घाला. ब्लेडमागची जागा पुसून घ्या, एक बारीक कीस अडकला तरी एका टोकाला ०.७ आणि दुसऱ्याला ०.५ निघतो. प्लेट दाबून धरणारे होल्ड-डाउन सगळे प्लेटवर बसतात ना बघा. एखादा ढिला असला तर प्लेट उचलली जाते आणि भार ब्लेडच्या बाजूला जातो. गार्ड आणि चष्मा असल्याशिवाय पहिला कट घेऊ नका.

पट्ट्या पिळतील, हो. ६० मिमी रुंदीला पीळ दिसेलच. आणि ही प्लेट सरळ करणं अवघड, दाबून सोडली की परत येते.

लायनर_फिटर
६० च्या पट्ट्या प्लाझ्मावर काढा. रुंद तुकडे शीअरवर. लायनरमध्ये कडेचा थोडा मऊ भाग चालतो, पिळलेली पट्टी हॉपरला टेकत नाही आणि बोल्ट आवळताना त्रास देते.

प्रेशर_बार
प्लेट खरंच ४०० ची आहे याची खात्री केली का? प्लेटवरचा हीट नंबर (स्टीलच्या लॉटचा क्रमांक) आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट जुळवा. ५०० ची निघाली तर वरचा सगळा हिशोब बदलतो.

लायनर_फिटर
अगदी बरोबर. आणि हातातल्या उसळणाऱ्या हार्डनेस टेस्टरवर सुट्ट्या ६ मिमी प्लेटचा आकडा मानू नका. प्लेट पातळ असली की ती थरथरते आणि आकडा चुकतो.

हॉपरवाला
सर्टिफिकेट मिळालं, हीट नंबर जुळतो, ४००च आहे. पुस्तकातही ३ अंशाला ६ मिमी बसतंय. धार फिरवली, रेक ३, गॅप ०.७ केला, तिन्ही ठिकाणी मोजला. रुंद तुकडे एका दमात कटतायत, गेजही वरपर्यंत जात नाही. कडेवर एकच पट्टा आहे. ६० च्या पट्ट्या प्लाझ्माला पाठवतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

तेलपाणी
तरी एकदा तेलाचं तापमान बघाच.

फीलर_गेज
हॉपरवाला, उद्या माइल्ड स्टील घ्यायच्या आधी रेक आणि गॅप परत खाली आणा. आणि मशीनवरच्या चार्टशेजारी "माइल्ड स्टीलसाठी" असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. पुढच्या पाळीचा ऑपरेटर हा धागा वाचणार नाही.