सांबर हे नाव शंबरासुरावरून आलं का?

रानवाट: सांबर म्हणजे भारतातलं सर्वांत मोठं हरीण. संस्कृतात तेच शंबर, इथवर वाद नाही. पण हरणाला शंबर का म्हटलं? ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात इंद्राने 'पर्वतेषु क्षियन्तं' शंबराला, म्हणजे डोंगरात राहणाऱ्या शंबराला, चाळिसाव्या शरदात शोधून काढलं असं आहे. डोंगरउतारावरच्या दाट रानात दडून राहणारं, दिवसा सहसा न दिसणारं धिप्पाड जनावर डोळ्यांपुढे आणा. माझं ठाम मत आहे, असुराचंच नाव हरणाला मिळालं.

अक्षरवेध: अजिबात पटलं नाही. शंबरचं सांबर होणं सरळ आहे. श चा स झाला आणि लंबचं लांब व्हावं तसा पहिला अ दीर्घ झाला. पुढची उडी मात्र निव्वळ साम्यावर मारलेली आहे. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, हरणांच्या नावांत 'रङ्कुशम्बररौहिषाः' येतं आणि पाण्याच्या नावांतही 'नीरक्षीराम्बुशम्बरम्' येतं. सांबराला चिखलात लोळायला आवडतं, म्हणून पाण्यावरून नाव पडलं असं उद्या कोणी म्हणेल. तेही तितकंच जुळतं! मग कोणतं खरं?

रानवाट: ऋग्वेद अमरकोशाच्या कितीतरी आधीचा. असुर आधी, हरीण नंतर.

अक्षरवेध: शब्द लिखाणात आधी सापडला म्हणून तो अर्थही आधीचा ठरत नाही. सूक्तं इंद्राचे पराक्रम गातात, त्यांत रानातल्या प्रत्येक जनावराचं नाव कसं येईल? हरणाचं नाव लोकांच्या तोंडी आधीपासून असू शकतं.

माळढोक: मला दोघांचाही रस्ता अपुरा वाटतो. चितळ म्हणजे चित्रल, ठिपक्यांचं. बारशिंगा तर उघडच आहे. ही नावं अंगरूपावरून पडली. शंबरची अशी फोड होत नाही. ऋग्वेद शंबराला 'दासं कौलितरम्' (कुलितराचा मुलगा, दास) म्हणतो, म्हणजे तो सूक्तकारांच्या लोकांतला नव्हे. त्याचं नावही बाहेरून आलेलं असू शकतं आणि हरणाचंही. कन्नडात सांबराला कडवे म्हणतात, तेव्हा तिकडूनही दुवा लागत नाही. जनावराचं नाव अनेकदा त्याच्या रानात राहणाऱ्यांचंच असतं. शास्त्रीय नावातला 'रुसा' बघा, मलय भाषेत त्याचा अर्थ हरीण.

अक्षरवेध: रुसाचं मूळ माहीत आहे, म्हणून ते उदाहरण चालतं. शंबरसाठी तशी भाषा दाखवा, मग मानेन.

रानवाट: कडवेचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. तरी 'पर्वतेषु क्षियन्तं' मी सोडणार नाही.