मालवणला जेवायला कुठे जावं, काय मागावं? (सोबत माळकरी आई आणि लहान मुलं)

पुणेकर प्रवासी:
नमस्कार मंडळी. गुढीपाडव्याला जोडून सुट्टी मिळाली आहे. पुण्याहून फोंडा घाटाने कणकवली आणि तिथून मालवण असा बेत आहे. मुक्काम तारकर्लीत, परतताना जमलं तर रत्नागिरी. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई. आई माळकरी आहे, मासे-मटण-अंडं काहीच चालत नाही.

मागच्या वेळी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात जेवलो. सुरमईचा तुकडा बर्फातला, वर लाल रंग फासलेला. बिल आल्यावर कळलं की मासळीचा भाव आकारावर होता. आईने दोन्ही वेळा पनीर बाजूला सारून डाळ-भात खाल्ला. या वेळी गावातली माणसं जे जेवतात ते मुलांना आणि आईला मनापासून खाऊ घालायचं आहे. नावं सांगा, पण त्याहून जास्त काय मागायचं ते सांगा.

कुडाळकर:
ताई, नावं विचारलीत म्हणून आधी तीच देतो. मालवणात चैतन्य आणि अतिथी बांबू ही दोन नावं तुम्हाला कोणीही सांगेल, आणि ती उगाच झालेली नाहीत. फक्त सुट्टीच्या दिवसांत साडेबाराच्या आत पोचा, नाहीतर पोरांना ताटकळत बसावं लागेल.

मला विचाराल तर निदान एक जेवण घरगुती खानावळीत करा. देवबाग, तारकर्ली, दांडी या भागात पडवीत चार टेबलं टाकून जेवू घालणारी घरं पुष्कळ आहेत. तुम्ही जिथे उतराल तिथल्या काकूंनाच विचारा, त्या स्वतः रांधत नसतील तर शेजारचं घर दाखवतील. मात्र सकाळीच किती माणसं ते सांगून ठेवायचं. त्या हिशेबाने बाजार होतो, नारळ खवला जातो, वाटप वाटलं जातं. न सांगता दुपारी दोनला दारात उभं राहिलं तर उरलंसुरलं पानात पडणार, आणि त्यात त्या बाईंचा दोष नाही.

आता काय मागायचं. जाऊन पहिल्यांदा "सुरमई आहे का?" असं विचारू नका, "आज ताजं काय आलंय?" असं विचारा. सुरमई-पापलेटला बाहेर मोठी मागणी, त्यामुळे इथेही भाव चढाच असतो. आमच्या रोजच्या ताटात बांगडा, तारली, पेडवे, मुडदुशी, लेपी, सौंदाळे. मुडदुशी मुलांसाठी फार चांगली, मांस मऊ आणि चव सौम्य. तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून कुरकुरीत तळून मागा. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर सुकं करून घ्या, ओल्या खोबऱ्यात परतलेल्या तिसऱ्यांपुढे मला दुसरं काही सुचत नाही.

आणि बांगड्याचं तिखलं. हॉटेलच्या कार्डावर ते क्वचित असतं, घरात विचारलंत तर करून देतील. लाल मिरची, धणे, हळद, थोडं ओलं खोबरं असं वाटप, आंबटाला आमसूल, आणि वरून ठेचलेली तिरफळं. तिरफळाचं काळं बी आधीच काढून टाकतात, वापरायचं ते वरचं टरफल. फोडणी नाही. बांगड्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि रस अंगाबरोबर आटतो. पानात तिरफळ आलं तर चावायचं नाही, कडेला ठेवायचं, मुलांना आधी सांगा. जीभ झणझणते, पण त्या वासाशिवाय हा पदार्थ पुराच होत नाही. शक्य असेल तर रात्री करायला सांगा आणि सकाळी भाकरीबरोबर खा, तोवर ते चांगलं मुरलेलं असतं.

वारही बघून घ्या. सोमवार, गुरुवार, शनिवार इथल्या बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. कोंबडी-वडे आणि मासे बुधवार, शुक्रवार, रविवारी ठरवलेत तर सोयीचं जाईल.

खाडीकाठ:
आईंसाठी मी लिहिते. ताई, तुम्ही नेमक्या हंगामात येताय. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे ओल्या काजूगरांचे दिवस. कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या बाजारात बायका ओले गर शेकड्यावर विकायला बसतात. महाग वाटतील, पण एकदा ते सोलताना बघा. कच्ची बी चिरून गर काढताना तिचा डीक हाताला लागतो आणि कातडी भाजून निघते, म्हणून आधी हाताला तेल किंवा राख चोळून घेतात. मग गर गरम पाण्यात टाकून वरची साल काढायची. एवढ्या खटपटीनंतर त्याची उसळ होते, ओलं खोबरं आणि थोडा गरम मसाला घालून. बाजारातून गर घेऊन खानावळीत दिलेत तर आनंदाने करून देतील.

दुसरी फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. तिसरं काळ्या वाटाण्याचं सांबारं, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचं, सोबत आंबोळ्या किंवा वडे. कोंबडीवाल्यांच्या ताटाहून हे ताट कुठेही कमी नाही, आणि आमच्याकडे देवाच्या कार्याला हेच असतं. गोडात शिरवाळे मागा: तांदळाच्या उकडीच्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून. मुलांना नक्की आवडतील. खापरोळ्या (नारळाच्या गोड रसात बुडवलेले जाळीदार घावणे) मिळाल्या तर त्याही सोडू नका. सकाळी नाश्त्याला घावणे-चटणी सांगा, ब्रेड-बटर देऊ लागले तर नको म्हणा.

एक महत्त्वाचं. मासे शिजणाऱ्या घरात तवा, झारा, तेल वेगळं ठेवायला आधीच सांगा. संकोच करू नका. माळकरी म्हटल्यावर इथे सगळ्यांना कळतं, आणि आईंनाही निश्चिंत जेवता येईल.

तिरफळ:
ताईनू, मालवणाक येवन नुसती सुरमई खावन जातास तर आमका वाईट वाटता. बांगडो खावा. पेडवे खावा. आवशीक काळ्या वाटाण्याचा सांबारा घाला. आणि सकाळी लवकर उठान पोरांका चिवल्यार नाय तर दांडीर घेवन जावा, रापण ओढतत ती दाखवा. गावातली माणसां दोनय बाजूंनी दोर ओढतत, जाळा काठार इला की सगळी म्हावरा वाळयेत. थयच विकत मिळता. ह्याच्यापेक्षा ताजा कोण देतलो?

रत्नागिरीहून:
परतीला देवगड, जैतापूर, पावसमार्गे सागरी रस्त्याने या, मग आंबा घाटाने कोल्हापूर. गणपतीपुळे आणि पावस परिसरात घरगुती शाकाहारी जेवण सहज मिळतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हमरस्त्यावरच्या टपऱ्यांवर दुसरीकडचा आंबा 'देवगड' म्हणून खपवला जातो. बागायतदाराच्या दारात जाऊनच पेटी घ्या. मार्चअखेर भाव चढे असतील.

पुणेकर प्रवासी:
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! आईला वाचून दाखवलं, ती काजूगरांवर अडून बसली आहे. दोन शंका: मुलांना तिखट सोसत नाही. आणि पुन्हा बिलाचा घोळ नको, तर भाव कसा विचारायचा?

कुडाळकर:
मासळी आधी डोळ्यांनी बघायची. डोळा स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं. मग तोच मासा हातात धरून "हा तळून कितीला?" असं विचारायचं. 'बाजारभावाप्रमाणे' असं उत्तर आलं तर आकडा वदवून घ्या. इथे याचा कोणी राग धरत नाही. थाळीला हा प्रश्नच येत नाही, फक्त तीत कुठला मासा आणि तुकडे किती ते विचारा.

तिखटाचं म्हणाल तर मुलांना तळलेली मुडदुशी, भात आणि सोलकढी. सोलकढीतही हिरवी मिरची-लसूण असते, त्यांची वाटी वेगळी काढायला सांगा. ताजी सोलकढी दाट असते. वर दूध आणि खाली पाणी असं फाटलेलं दिसलं तर ती मघाची आहे.

नवी मुंबईकर:
धाग्यात घुसतोय, माफ करा. आम्ही जूनअखेर येतोय. तेव्हाही हेच लागू?

खाडीकाठ:
नाही दादा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ तो. तेव्हा 'ताजी' म्हणून सुरमई पानात आली तर ती बर्फातली समजा. त्या दिवसांत खाडीची मासळी, कुर्ल्या, चढणीचे मासे (पहिल्या पावसात ओढ्या-नद्यांतून वर चढणारे) आणि पावसाआधी भरून ठेवलेली सुकी मासळी. सुक्या बांगड्याची किसमूर (भाजून कुस्करून खोबऱ्यात कालवलेली), सुंगटाची म्हणजे कोळंबीची चटणी, सोबत कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. शिवाय टाकळा, कुरडू, भारंगी, अळू या पावसाळी पालेभाज्या, आणि नशिबात असेल तर रानातली अळंबी. कुडाळ-सावंतवाडीच्या आठवडी बाजारात पानांवर ठेवून विकतात, दहाच्या आत गेलं तरच मिळतात.